मनाचा आजार, औषध आणि प्रार्थना



दर वर्षी सप्टेंबर महिन्यात श्रीरामपूर तालुक्यातील हरेगाव येथे मतमाउलीच्या यात्रेस भाविकांची रीघ लागते. कोणी नवस बोलावयास येतो, कोणी फेडावयास. यात्रा आटोपली, लोक आपापल्या गावी परतले, की पुढील काही आठवड्यांत धर्मगुरूंच्या कार्यालयात एक प्रश्न हमखास येतो. "फादर, नोव्हेना पूर्ण झाली. आता डोक्याच्या गोळ्या बंद केल्या तर चालतील ना?"

हा प्रश्न विचारला जातो तेव्हा बरेच म्हणावयाचे. पुष्कळ जण न विचारताच गोळ्या बंद करतात. गोळी घेणे म्हणजे आपली श्रद्धा उणी पडल्याची कबुली, असे त्यांना वाटते. प्रार्थनेनंतर चार दिवस बरे वाटले, की ते गोळ्यांची पाने फडताळात टाकतात, आणि दोन-तीन महिन्यांनी घरची मंडळी त्यांना अधिक वाईट अवस्थेत घेऊन येतात. तोवर रुग्णाच्या मनात आजाराच्या जोडीला आणखी एक ओझे बसलेले असते : देवाने माझे ऐकले नाही.

या लेखात उपदेश करण्याचा माझा अधिकार मर्यादित आहे, कारण ही चूक मी स्वतः केली आहे. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी आपल्या जिल्ह्यातील एका धर्मग्रामात सेवा करीत असताना एक तरुण विवाहिता मला कार्यालयात येऊन भेटली. (हे संभाषण प्रायश्चित्त संस्कारातील नव्हते, म्हणूनच ते सांगता येते, आणि सांगण्यास तिची परवानगी आहे.) तिला मूल होऊन तीन महिने झाले होते. प्रार्थनेत मन लागत नाही, मुलाकडे पाहून काहीच वाटत नाही, मी पापी आहे, असे ती म्हणाली. मी तिला रोज जपमाळ करावयास आणि शुक्रवारी उपवास करावयास सांगितले. ती आज्ञाधारक होती. तिने तसे केले, आणि ती अधिकच खंगली. अखेर मिशनच्या दवाखान्यातील एका परिचारिका धर्मभगिनीने तिला तीन साधे प्रश्न विचारले. झोप किती वाजता मोडते? जेवण किती जाते? हे केव्हापासून? उत्तरे ऐकून सिस्टरने तिला त्याच आठवड्यात मानसोपचारतज्ज्ञांकडे नेले. बाळंतपणानंतरचे नैराश्य, असे निदान झाले. मला मात्र ते तीन प्रश्न सुचले नव्हते.

आजार कशास म्हणावे

दुःख म्हणजे आजार नव्हे. घरातील माणूस गेले, कांद्याचा भाव पडला, विहीर आटली, तर माणूस खिन्न होणारच. त्या खिन्नतेतही तो नातवंडाच्या बोलण्यावर हसतो, आवडीची भाजी असेल तर दोन घास अधिक खातो. नैराश्याच्या आजारात ही लवचिकता नाहीशी होते. सलग दोन आठवडे किंवा त्याहून अधिक काळ, दिवसाचा बहुतेक वेळ मन उदास राहते किंवा कशातच रस वाटत नाही. पहाटे तीन-चारला जाग येते आणि पुन्हा डोळा लागत नाही. भूक मरते, अंग जड होते, साधा निर्णयही घेता येत नाही. आपण निरुपयोगी आहोत, घरादाराला भार आहोत असे वाटू लागते. कित्येकांच्या मनात मरणाचे विचार येतात.

आपल्याकडे रुग्ण 'मी उदास आहे' असे सहसा म्हणत नाही. तो म्हणतो, डोके जड आहे, अंगात त्राण नाही, जीव घाबरतो, पोटात खड्डा पडतो. बाया पाठ व कंबर दुखते म्हणून वर्षानुवर्षे सलाईन लावून घेतात. म्हणून शारीरिक तपासणी आधी करून घ्यावी हे खरेच. थायरॉईडचा विकार, रक्ताची कमतरता, बी-१२ जीवनसत्त्वाचा अभाव यांमुळेही अशीच लक्षणे दिसतात. मात्र सर्व तपासण्या निर्दोष आल्या, की 'तुला काही झालेले नाही' असे रुग्णाला सांगण्यात येते, आणि तेथे अन्याय होतो. त्याला काहीतरी झालेले असते. रक्ताच्या अहवालात ते उमटत नाही एवढेच.

चिंताविकाराची गोष्ट थोडी निराळी. धोका दिसला की हृदय धडधडणे, श्वास जलद होणे, स्नायू ताठणे ही शरीराला देवाने दिलेली संरक्षणाची सोय आहे. चिंताविकारात धोका नसतानाही ही घंटा वाजत राहते. काहींना अचानक झटका येतो : छाती धडधडते, हातपाय गार पडतात, आता आपण मरणार अशी खात्री वाटते. असा झटका साधारण दहा मिनिटांत कळसाला पोहोचतो आणि मग ओसरतो. पहिल्या वेळी डॉक्टरांकडे जाऊन हृदयाचा आलेख अवश्य काढावा. पण चौथ्या-पाचव्या वेळीही केवळ हृदयाचाच आलेख काढत बसू नये.

तिसरा प्रकार द्विध्रुवीय विकाराचा. यात नैराश्याचा काळ असतो, तसाच उन्मादाचाही असतो. उन्मादाच्या काळात माणसाला दोन-तीन तास झोप पुरते, बोलणे थांबत नाही, तो उधारीवर खरेदी करत सुटतो, जमिनीचे व्यवहार ठरवतो, आपणांस ईश्वराने विशेष कार्यासाठी निवडले आहे असेही सांगू लागतो. घरच्यांना सुरुवातीस वाटते, बरे झाले, आमचा माणूस उठून कामाला लागला. या रुग्णाला केवळ नैराश्यावरची गोळी दिली तर उन्माद भडकू शकतो. म्हणून पूर्वी कधी असा 'चढा' काळ येऊन गेला असेल तर तो डॉक्टरांना आवर्जून सांगावा. रुग्ण स्वतः तो सांगत नाही, कारण त्याला तो काळ आजाराचा वाटलेलाच नसतो. ते काम पत्नीचे, आईचे, भावाचे.

जामखेडमध्ये लोकांनी काय सांगितले

आपला जिल्हा, पूर्वीचा अहमदनगर व आताचा अहिल्यानगर, सार्वजनिक आरोग्याच्या जगात ज्या एका गावामुळे ओळखला जातो ते जामखेड होय. डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे या ख्रिस्ती दांपत्याने १९७० साली तेथे सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. गावानेच निवडलेल्या, बहुधा निरक्षर व उपेक्षित समाजांतील स्त्रियांना त्यांनी आरोग्य कार्यकर्त्या म्हणून शिकविले. १९७९ साली या दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. हा सर्व इतिहास आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक आहे. याच भागात मानसिक आजारांविषयी लोकांना काय वाटते याचा पद्धतशीर अभ्यासही झाला आहे, हे मात्र थोड्यांना ठाऊक असेल.

२००७ सालच्या अखेरीस ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी जामखेड प्रकल्पाच्या सहकार्याने २४० ग्रामस्थ व ६० आरोग्य कार्यकर्त्या यांना दोन काल्पनिक व्यक्तींची वर्णने ऐकविली. एका व्यक्तीला नैराश्याची लक्षणे होती, दुसरीला तीव्र मनोविकाराची. मग त्यांना विचारले, असे कशामुळे होते? खेड्यातील माणूस 'बाहेरची बाधा', 'करणी' असे म्हणेल, अशी शहरातील सुशिक्षितांची समजूत असते. प्रत्यक्षात अलौकिक कारणे फारशी कोणी मान्य केली नाहीत. बहुतेकांनी सामाजिक व आर्थिक कारणे सांगितली. मनाचे आजार होण्याचा धोका स्त्रिया, बेरोजगार आणि गरीब यांना अधिक, असेही त्यांचे मत पडले. याच भागातील काही स्त्रियांच्या दीर्घ मुलाखती त्याआधी घेण्यात आल्या होत्या. आरोळ्यांच्या प्रकल्पाचा मूळ हेतू मानसिक आरोग्य हा नव्हता. तरी स्त्रियांचे संघटन, हातात येणारा पैसा आणि घरातील हिंसेला बसणारा आळा यांचा मनावर काय परिणाम होतो, हा त्या मुलाखतींचा विषय होता.

लोकांचे हे निदान चुकीचे नाही. दारिद्र्य, नवऱ्याचे व्यसन, मारहाण, कर्ज, मुलींच्या लग्नाची काळजी यांनी मन मोडते. त्याला काही अंशी आनुवंशिकताही कारण असते, हे त्यात जोडले पाहिजे. अडचण आहे ती पुढच्या पायरीवर. 'दुःख परिस्थितीचे आहे, मग गोळी काय करणार? गोळीने कर्ज फिटते का?' असा युक्तिवाद मी कितीतरी घरांत ऐकला आहे, आणि तो ऐकताना प्रथमदर्शनी बिनतोड वाटतो.

त्याला उत्तर असे. पावसात भिजून न्यूमोनिया झाला तर छप्पर शाकारणे आवश्यकच आहे. पण तोवर न्यूमोनियाचे औषध थांबवीत नाहीत. नैराश्य एकदा जडले की ते आपल्या कारणापासून सुटून स्वतंत्रपणे चालू राहते. ज्याची झोप, एकाग्रता व निर्णयशक्ती गेली आहे तो कर्जाच्या पुनर्गठनासाठी बँकेतही जाऊ शकत नाही. उपचाराने कर्ज फिटत नाही. कर्जाशी झुंजणारा माणूस मात्र उभा राहतो.

गोव्यातील एका प्रयोगाने हे आकड्यांनी दाखविले आहे. 'संगाथ' या संस्थेच्या संशोधकांनी तेथील प्राथमिक आरोग्य केंद्रांत येणाऱ्या, तीव्र नैराश्य असलेल्या प्रौढांसाठी सहा ते आठ भेटींचा संवादोपचार तयार केला. तो देणारे समुपदेशक डॉक्टर नव्हते; प्रशिक्षण दिलेली स्थानिक माणसेच होती. तीन महिन्यांनंतर हा उपचार मिळालेल्यांपैकी ६४ टक्के रुग्ण आजारातून बाहेर आले होते. तो न मिळालेल्या गटात हे प्रमाण ३९ टक्के होते. हे निष्कर्ष २०१७ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. रुग्णांची गरिबी त्या तीन महिन्यांत पालटली नव्हती.

आणि तरीही बहुतेक रुग्ण उपचारांपर्यंत पोहोचतच नाहीत. बंगळूरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ साली १२ राज्यांत केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात (त्यात महाराष्ट्र नव्हता) १०.६ टक्के प्रौढांना कोणता ना कोणता मानसिक विकार असल्याचे दिसले. नैराश्य व चिंता यांसारख्या सामान्य विकारांच्या दर शंभर रुग्णांपैकी सुमारे ८५ जण उपचारांविना होते.

गोळ्यांविषयी

नैराश्यावरील गोळी डोकेदुखीच्या गोळीप्रमाणे तासाभरात काम करीत नाही. पहिला फरक जाणवावयास दोन ते चार आठवडे लागतात, पूर्ण परिणामाला त्याहून अधिक. दुष्परिणाम मात्र पहिल्याच आठवड्यात येतात : मळमळ, डोके दुखणे, थोडी अस्वस्थता. म्हणजे रुग्णाला आधी त्रास होतो आणि गुण नंतर येतो. हे आधीच समजावून सांगितले नाही, तर तो आठव्या दिवशी औषध सोडून देतो आणि 'मला ते सोसले नाही' असे आयुष्यभर सांगतो. यांतील बहुतेक त्रास दोन आठवड्यांत कमी होतात. अस्वस्थता फार वाढली, मरणाचे विचार वाढले, तर मात्र पुढच्या तारखेची वाट न पाहता लगेच डॉक्टरांना भेटावे; पहिल्या आठवड्यांत, विशेषतः तरुणांच्या बाबतीत, घरच्यांनी लक्ष ठेवावे.

बरे वाटू लागले म्हणजे आजार संपला, असे नव्हे. नैराश्य पहिल्यांदाच झाले असेल तर पूर्ण बरे वाटल्यानंतरही साधारण सहा ते नऊ महिने औषध चालू ठेवावे लागते, आणि नंतर ते डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करावयाचे असते. एकदम बंद केल्यास चक्कर, चिडचिड, निद्रानाश होतो. लोक त्यालाच 'सवय लागली' असे म्हणतात. खरे पाहता नैराश्यावरील या गोळ्यांचे व्यसन लागत नाही. सवय लागते ती झोपेच्या व 'टेन्शनच्या' म्हणून मिळणाऱ्या अल्प्राझोलॅमसारख्या गोळ्यांची. डॉक्टर त्या थोड्या दिवसांसाठी देतात. तीच जुनी चिठ्ठी घेऊन औषधांच्या दुकानातून वर्षभर त्या आणणारे भाविक मी पाहिले आहेत, आणि हेच लोक नैराश्यावरच्या गोळीला घाबरतात! बऱ्याच दिवसांपासून अशी गोळी चालू असेल, तर तीही एकाएकी तोडू नये. ती कशी कमी करावयाची हे डॉक्टरांनाच विचारावे.

द्विध्रुवीय विकारात लिथियम हे जुने व गुणकारी औषध अनेकांना दिले जाते. त्याविषयी आपल्या भागासाठी एक गोष्ट मुद्दाम लिहावीशी वाटते. लिथियमची रक्तातील पातळी थोडी जरी वाढली तरी विषबाधा होऊ शकते, म्हणून ठराविक काळाने रक्त तपासावे लागते. शरीरातील पाणी कमी झाले, जुलाब-उलट्या झाल्या, किंवा अंगदुखीसाठी आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या गोळ्या घेतल्या, की ही पातळी चढते. हातपाय जोरात थरथरणे, तोल जाणे, जीभ जड होणे, उलट्या ही धोक्याची लक्षणे होत. तसे झाल्यास गोळी थांबवून त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. आता विचार करा : दिवाळीच्या सुमारास पाथर्डी, जामखेड या भागांतील कुटुंबे ऊसतोडीला बाहेर पडतात आणि पाच-सहा महिने फडावर असतात. दिवसभर श्रम, घाम, पाणी कमी, आणि रात्री अंगदुखीची गोळी. निघण्यापूर्वी डॉक्टरांना भेटून 'मी इतके महिने बाहेर आहे, असे काम करणार आहे' हे सांगणे, पुरेशी औषधे व उपचाराचा कागद सोबत घेणे, अंगदुखीसाठी कोणती गोळी चालेल हे विचारून ठेवणे, एवढ्याने मोठे अनर्थ टळतात. एरवीही कोयता उचलून गाव सोडताना उपचारांत खंड पडतो, आणि मार्च-एप्रिलमध्ये परतल्यावर आजार पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो.

गर्भवती व स्तनदा मातांनी औषध आपल्या मनाने सुरू वा बंद करू नये. त्यांच्यासाठी वेगळी निवड करता येते.

रोजचा दिवस

औषधाच्या बरोबरीने, आणि सौम्य आजारात कधी कधी औषधाऐवजीही, संवादोपचार उपयोगी पडतो. विचारांची तपासणी करण्याची अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ पद्धती कि. मो. फडके यांनी मराठी वाचकांपर्यंत पोहोचविली आहे. गोव्यातील समुपदेशकांनी वापरलेले तत्त्व त्याहूनही साधे होते. मन लागत नाही म्हणून माणूस काम सोडतो. काम सोडल्याने मन आणखी लागेनासे होते. तेव्हा मन लागण्याची वाट न पाहता लहानशी कृती ठरवून करावयाची : सकाळी उठून अंगण झाडणे, शेरडाला चारा टाकणे, बहिणीला फोन करणे. आनंद आधी येत नाही, तो कृतीच्या मागून येतो, आणि तोही उशिरा. म्हणून पहिल्या आठवड्यात फक्त 'केले' एवढीच नोंद वहीत करावी. 'बरे वाटले का' हा प्रश्न विचारू नये.

चिंताविकारात कसोटी उलट्या बाजूने असते. ज्याची भीती वाटते ते टाळले की तात्पुरते बरे वाटते, आणि भीती दुणावते. एस. टी.त बसण्याची धास्ती घेतलेल्या माणसाने प्रथम नुसते स्थानकावर जाऊन बसावे, मग कोणाच्या सोबतीने एक थांबा जावे, मग दोन. झटका आला तर पळू नये. श्वास सावकाश घ्यावा आणि घेण्यापेक्षा सोडण्यास अधिक वेळ लावावा.

बाकीच्या गोष्टी परिचित आहेत. रोज एकाच वेळी उठणे, मग झोप लागली असो वा नसो. आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास झपझप चालणे. दुपारनंतर चहा नको. दारू तर नकोच. ती रात्री झोप लावते आणि पहाटे तोडते, शिवाय औषधाशी तिचे वैर आहे.

या संदर्भात पवित्र शास्त्रातील एलिया संदेष्ट्याची कथा मला नेहमी आठवते. राजांच्या पहिल्या ग्रंथाच्या एकोणिसाव्या अध्यायात तो रानातील एका झुडपाखाली बसून देवाकडे मरण मागतो. तेव्हा देवदूत त्याला धीराचे प्रवचन देत नाही. तो त्याला झोपू देतो, उठवून भाकरी व पाणी देतो, पुन्हा झोपू देतो, पुन्हा खाऊ घालतो. होरेब पर्वतावरील देवभेट त्यानंतर, चाळीस दिवसांनी येते. मी त्या विवाहितेला उपवास सांगितला होता.

उपवासाचा विषय निघालाच आहे तर संत इग्नेशियस लोयोला यांचेही स्मरण करू. १५२२ साली मान्रेसा येथे असताना, आपली पापे नीट सांगितली गेली नाहीत या शंकेने ते इतके पछाडले गेले, की जीव देण्याचे विचार त्यांच्या मनात आले. त्या यातनेत त्यांनी आठवडाभर अन्न वर्ज्य केले. त्यांच्या पापनिवेदन ऐकणाऱ्या धर्मगुरूने त्यांना उपवास मोडण्याची आज्ञा केली. आजही तीच ती पापे पुन्हा पुन्हा सांगणारे, क्षमा मिळूनही शांत न होणारे भाविक आमच्याकडे येतात. त्यांतील काहींना उपचारांची गरज असते, अधिक प्रायश्चित्ताची नव्हे. आपल्या 'आध्यात्मिक साधना' या ग्रंथात इग्नेशियस यांनी खिन्नतेच्या काळात पूर्वीचे निर्णय बदलू नयेत असे सांगितले आहे. नोकरी सोडणे, जमीन विकणे, मठ सोडणे हे सारे आजार ओसरेपर्यंत पुढे ढकलावे.

मग प्रार्थनेचे स्थान काय? बेन सिराच्या ग्रंथातील ३८ वा अध्याय वाचावा. वैद्य आणि औषध ही दोन्ही ईश्वरानेच निर्माण केली आहेत, आणि आजाऱ्याने प्रार्थनाही करावी व वैद्यालाही जागा द्यावी, असा त्याचा आशय आहे. नवस अवश्य बोलावा, रुग्णांसाठी असलेला तैलाभ्यंगाचा संस्कारही घ्यावा. गोळी त्या दिवशीही घ्यावी. आजारात प्रार्थना कोरडी होते, शब्द ओठांवरच राहतात. तेव्हा दुसऱ्याने आपल्यासाठी प्रार्थना करावी आणि आपण नुसते शेजारी बसावे, एवढेही पुरे असते. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या मुलाखतीत सांगितले होते, की वयाच्या ४२ व्या वर्षी ते सहा महिने दर आठवड्याला एका मनोविश्लेषक बाईंकडे जात असत. त्या बाई ज्यू होत्या. ज्यांना मानसोपचारतज्ज्ञांची पायरी चढण्याची लाज वाटते, त्यांना मी ही गोष्ट सांगतो.

आणखी एक प्रश्न लोक दबल्या आवाजात विचारतात. घरातील कोणी आत्मघात केला, तर त्याचा अंत्यविधी चर्चमध्ये होतो का? १९१७ च्या धर्मसंहितेत त्यावर बंदी होती. १९८३ च्या संहितेत आत्मघाताचा असा उल्लेख उरलेला नाही. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथात (परिच्छेद २२८२ व २२८३) म्हटले आहे, की गंभीर मानसिक विकार, यातना वा भय यांमुळे व्यक्तीची जबाबदारी कमी होऊ शकते, आणि अशांच्या तारणाविषयी निराश होऊ नये. ख्रिस्तसभा त्यांच्यासाठी प्रार्थना करते. तेव्हा अशा घरासमोरून मान वळवून जाऊ नका. कायदाही बदलला आहे. २०१८ पासून अमलात असलेल्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार, आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असेच गृहीत धरावयाचे असते, तिच्यावर त्यासाठी खटला भरावयाचा नसतो, आणि तिला उपचार पुरविणे हे शासनाचे कर्तव्य ठरते. त्यामुळे पोलिसांच्या भीतीने रुग्णाला घरीच दडवून ठेवू नये.

कोठे जावे, कोणी न्यावे

प्रथम आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रातील किंवा ग्रामीण रुग्णालयातील डॉक्टरांना विचारावे. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमामुळे नगरच्या जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची सोय आहे. उत्तरेकडील तालुक्यांतील लोकांना लोणी येथील प्रवरेचे ग्रामीण रुग्णालय जवळ पडते. नगर शहराजवळ विळद घाटातील वैद्यकीय महाविद्यालयातही मानसोपचार विभाग आहे.

रुग्ण एकटा जाणार नाही, हे धरून चालावे. आजारच त्याला उठू देत नाही. पहिल्या भेटीसाठी कोणीतरी त्याच्याबरोबर एस. टी.त बसले पाहिजे, केसपेपर काढला पाहिजे, रांगेत उभे राहिले पाहिजे. 'मन घट्ट कर', 'देवावर भार टाक', 'तुला कशाची कमी आहे' ही वाक्ये शक्यतो टाळावीत. "केव्हापासून असे वाटते?" एवढे विचारून ऐकत बसावे. मरणाचे विचार येतात का, हेही सरळ विचारावे. विचारल्याने ते विचार डोक्यात शिरत नाहीत, उलट बोलल्याने थोडे सैल होतात. उत्तर 'होय' असेल तर त्याला एकटे सोडू नये, घरातील फवारणीची औषधे त्याच दिवशी शेजाऱ्याकडे कुलपात ठेवावीत, आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

प्रत्येक धर्मग्रामात असे बरोबर जाणारे दोन-तीन जण ठरवून ठेवणे अवघड नाही. आमच्या धर्मग्रामात सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीच्या सभासदांनी व महिला मंडळाने हे काम वाटून घ्यावे, असे मी पुढील सभेत सुचविणार आहे. ती विवाहिता, आता तिचा मुलगा शाळेत शिकतो, त्यांत पहिले नाव द्यावयास तयार आहे.

रात्री-अपरात्री, किंवा फडावर असताना, कोणीही जवळ नसेल तर केंद्र शासनाची 'टेलिमानस' ही दूरध्वनी सेवा आहे. ती १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. क्रमांक १४४१६, किंवा १८००-८९१-४४१६. चोवीस तास, विनामूल्य, मराठीतून बोलता येते.